पुराचा निर्देशांक आणि मागाचा खड्डा

एप्रिल २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने देशातील राज्यांच्या हवामानविषयक असुरक्षिततेचा अहवाल प्रसिद्ध केला. मंडी व गुवाहाटी येथील आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी तो तयार केला होता. दारिद्र्यरेषेखालील लोकसंख्या, पावसावर अवलंबून असलेली शेती, आरोग्यसेवकांचे प्रमाण, रस्ते व रेल्वेची घनता अशा १४ निर्देशकांतून प्रत्येक राज्याला शून्य ते एकच्या दरम्यान एक अंक मिळाला. सर्व राज्यांचे अंक ०.४२ ते ०.६७ एवढ्या अरुंद पट्ट्यात बसले. झारखंड सर्वांत वर राहिले. महाराष्ट्र सर्वांत खाली, म्हणजे सर्वांत कमी असुरक्षित. तमिळनाडू, केरळ आणि गोवा हीदेखील त्याच खालच्या गटात होती. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली.

यावरून अहवाल खोटा ठरला असे म्हणणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. आयपीसीसीच्या २०१४ च्या मांडणीनुसार धोक्याचे तीन घटक असतात: संकट स्वतः, त्या संकटाच्या वाटेत काय आणि कोण आहे, आणि वाटेत असणाऱ्यांची असुरक्षितता. अहवालाने यातील तिसराच घटक मोजला होता आणि तसे स्पष्टही केले होते. वाशिष्ठीला पूर येईल की नाही, हे सांगण्याचा त्याचा दावाच नव्हता. अडचण वेगळीच आहे. पुराचे पाणी राज्यात शिरत नाही, ते घरात शिरते. राज्याला, जिल्ह्याला किंवा तालुक्याला दिलेला एक अंक त्यातील घराघरांतला फरक पुसून टाकतो, आणि असुरक्षितता तर त्या फरकातच असते.

म्हणून अलीकडे संशोधकांचा कल कुटुंब हे एकक मानण्याकडे आहे. मोझांबिकमधील दोन जिल्ह्यांतील कुटुंबांच्या पाहणीवरून २००९ मध्ये ‘उपजीविका-असुरक्षितता निर्देशांक’ मांडला गेला. त्याच धर्तीच्या प्रश्नावल्या आता भारतातही ग्रामीण आणि शहरी वस्त्यांत भरून घेतल्या जातात. घर कच्चे की पक्के, कुटुंबप्रमुखाचे शिक्षण किती, अवलंबून असलेली माणसे किती, उत्पन्नाचे मार्ग किती, नदीपासूनचे अंतर किती, कर्ज आहे का, असे तीस-चाळीस प्रश्न असतात. दिशा योग्यच आहे. मात्र ज्या सहजतेने ही प्रश्नावली एका खोऱ्यातून उचलून दुसऱ्या खोऱ्यात ठेवली जाते, ती सहजता भौतिकशास्त्राच्या कोणत्याही प्रयोगशाळेत चालली नसती. हे तपासायचे तर एखाद्या नेमक्या गावात उतरणे भाग आहे.

असे एक गाव म्हणजे कुंभकोणम. विज्ञानाच्या वाचकांना ते रामानुजनांमुळे ठाऊक असते. मराठी वाचकांना त्याची आणखी एक ओळख असायला हवी: बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये याच गावी, एका तंजावरी मराठी कुटुंबात झाला. गावाच्या उत्तरेने कावेरी वाहते आणि दक्षिणेने तिची शाखा अरसलार. आणखी उत्तरेला काही मैलांवर कोळ्ळिडमचे रुंद पात्र आहे. कावेरीला न पेलणारे पाणी वाहून नेणे हेच त्याचे काम. शहर, विणकरांची उपनगरे, भातशेतीची गावे आणि कोळ्ळिडमच्या बांधाआतील वस्त्या हे सारे एका सायकलफेरीच्या अंतरात सापडते. ग्रामीण आणि शहरी असुरक्षिततेची तुलना करायला याहून सोयीची जागा शोधूनही मिळणार नाही.

येथे पूर दोन प्रकारचा असतो, आणि पहिला पेच इथेच पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोडगू आणि वायनाडच्या डोंगरांत पाऊस कोसळतो. कर्नाटकातील धरणे भरतात आणि मग १९३४ मध्ये पूर्ण झालेले, ९३ टीएमसीहून अधिक क्षमतेचे मेट्टूर धरण भरते. तिथून सोडलेले पाणी कल्लणै बंधाऱ्यापर्यंत यायला दोन-तीन दिवस लागतात. या पुराला तारीख असते, क्युसेकचा आकडा असतो, दवंडी असते. दुसरा पूर ऑक्टोबर ते डिसेंबरमधला, ईशान्य मोसमी पावसाचा आणि बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा. तो नदीतून न येता आकाशातून थेट अंगणात पडतो, आणि भरल्या कालव्यांमुळे त्याला जायला वाट उरत नाही. पहिल्या पुरात बांधाआतील वस्ती बुडते आणि शहर पुलावर उभे राहून पाणी पाहते. दुसऱ्या पुरात शहराच्या सखल गल्ल्या तुंबतात आणि नुकतीच लावणी झालेली सांबा भाताची शेते पाण्याखाली जातात. एकच कुटुंब पहिल्या पुरात सुरक्षित आणि दुसऱ्यात उघडे असू शकते. प्रश्नावली मात्र ‘पूर’ हा एकच शब्द विचारते.

ऑगस्ट २०१८ मध्ये तर या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरेच चित्र दिसले. कावेरी दुथडी वाहत असताना २२ ऑगस्टच्या रात्री तिरुचिरापल्लीजवळच्या मुक्कोंबू येथील, एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या बंधाऱ्याचे कोळ्ळिडमवरील अनेक दरवाजे वाहून गेले. प्रचंड पाणी समुद्राला मिळत होते, आणि त्याच आठवड्यात त्रिभुज प्रदेशाच्या शेवटच्या टोकाचे शेतकरी कालव्यांत पाणी पोहोचले नाही म्हणून तक्रार करत होते. पूर आणि पाण्याचा तुटवडा एकाच वेळी, एकाच नदीच्या दोन शाखांवर. पावसाचे आकडे पाहणाऱ्या निर्देशांकाला हे दिसत नाही, कारण येथे पाणी कुठे जाईल हे पावसापेक्षा दरवाजे आणि त्यांच्या चाव्या ठरवतात.

दुसरा पेच नदीपासूनच्या अंतराचा. जवळजवळ प्रत्येक प्रश्नावलीत हा निर्देशक असतो: घर नदीच्या जितके जवळ तितके असुरक्षित. डोंगराळ खोऱ्यात ते बहुधा खरे ठरते. चिपळूणला आणि महाडला खरे ठरले. त्रिभुज प्रदेशात नदी वेगळी वागते. शतकानुशतके प्रत्येक पुरात ती काठावर जाड गाळ टाकत जाते. पाणी काठ ओलांडताच त्याचा वेग मंदावतो, जड कण तिथेच बसतात आणि बारीक चिखल दूर वाहून जातो. परिणामी काठ उंच होतो आणि काठापासून दूरची जमीन सखल राहते. म्हणूनच अशा प्रदेशांतील जुनी गावे आणि देवळे नदीकाठाला चिकटून असतात. पाणी अनेक दिवस साचते ते दूरच्या भातखाचरांत आणि त्यांच्या कडेने वसलेल्या मजुरांच्या वाड्यांत. तेव्हा येथे ‘अंतर’ हा निर्देशक नुसता निरुपयोगी नाही, तो उलट्या दिशेने बोट दाखवतो. त्याऐवजी विचारायला हवे ते पाण्याचा निचरा कुठल्या नाल्यातून होतो, तो नाला कोण उपसतो आणि गेल्या खेपेस पाणी किती दिवसांनी ओसरले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घरातल्या आजीला तोंडपाठ असते. त्यासाठी उपग्रह लागत नाही.

तिसरा पेच सर्वांत बोलका आहे, आणि तो कुंभकोणमच्या कुशीतल्या तिरुभुवनममध्ये सापडतो. येथील रेशमी साड्यांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कुंभकोणमच्या परिसरात पिढ्यान्पिढ्या रेशीम विणणारी घरे आहेत आणि त्यांपैकी अनेकांचा माग हा खड्डामाग असतो. येवल्याच्या पैठणीचे माग ज्यांनी पाहिले आहेत त्यांना रचना सांगायला नको: विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो आणि त्याचे पाय, पायपट्ट्यांसह, फरशीत खणलेल्या खड्ड्यात असतात. पावसाळ्यात भूजल वर आले की त्या खड्ड्यात पाणी झिरपते. उंबरठ्यावरून पाण्याचा थेंबही आत येत नाही, रस्ता कोरडा असतो, शेजाऱ्याचे दुकान चालू असते. फक्त माग थांबलेला असतो. दमट हवेने ताणा ढिला पडतो तो वेगळाच. पाहणी करणारा विद्यार्थी येतो आणि नोंदवतो: घर पक्के, फरशी सिमेंटची, वीज आहे, शौचालय आहे, उत्पन्न नियमित. हे कुटुंब सुरक्षिततेच्या रकान्यात जाते. सिमेंटच्या त्या फरशीला मध्यभागी भोक आहे आणि घराची सारी कमाई त्या भोकातून वर येते, ही गोष्ट प्रश्नावलीत मावत नाही.

गुराढोरांचेही तसेच. प्रश्नावलीत जनावर म्हणजे मालमत्ता, म्हणजे सावरण्याची क्षमता. वर्षाचे अकरा महिने ते खरे आहे. पुराच्या रात्री मात्र दावणीला बांधलेली दोन जनावरे हेच माणसाने घर न सोडण्याचे कारण होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णाकाठी हे महाराष्ट्राने पाहिले. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, तेथील धोक्याची पातळी ४५ फूट असताना. आणि गावोगावी शेवटपर्यंत मागे राहिलेल्यांत जनावरांचे मालक होते. एकच वस्तू एका वेळी आधार आणि दुसऱ्या वेळी बेडी ठरते. अशा निर्देशकाला अधिक चिन्ह द्यायचे की उणे, हे गणित सांगणार नाही.

आता खुद्द गणिताकडे. येथे विद्यार्थ्यांनी थोडा संशय बाळगावा. बहुतेक निर्देशांकांत प्रत्येक निर्देशकाचे मोजमाप शून्य ते एकच्या पट्टीवर आणले जाते: पाहणीतल्या सर्वांत कमी मूल्याला शून्य, सर्वांत जास्त मूल्याला एक. म्हणजे तापमापकावर बर्फ आणि उकळते पाणी यांच्या खुणा न करता, खोलीतल्या सर्वांत गार माणसाला शून्य आणि सर्वांत तापलेल्याला शंभर म्हणण्यासारखे. उद्या खोलीत आणखी एक तापलेला माणूस आला की सगळ्यांचे आकडे बदलतात, कोणाचाही ताप न बदलता. ग्रामीण वस्तीचा निर्देशांक ग्रामीण पट्टीवर आणि शहरी वस्तीचा शहरी पट्टीवर काढून मग ‘गाव शहरापेक्षा अधिक असुरक्षित’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे दोन वेगळ्या खोल्यांतले दोन तापमापक एकमेकांशी ताडून पाहणे.

पुढची पायरी सरासरीची. दोन घरे कल्पावीत. पहिल्या घराचे पाचपैकी चार निर्देशक उत्तम, म्हणजे शून्य. फक्त तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेला एक वृद्ध आहे, म्हणून पाचवा निर्देशक एक. सरासरी ०.२. दुसऱ्या घराचे पाचही निर्देशक मध्यम, प्रत्येकी ०.३, सरासरी ०.३. सरासरीनुसार पहिले घर अधिक सुरक्षित. रात्री दोन वाजता पाणी चढू लागले की कोणते घर अडकेल, हे सांगायला पदवी लागत नाही. सरासरीमागे एक न बोललेले गृहीतक आहे: एका गोष्टीतली उणीव दुसरी गोष्ट भरून काढते. पदवी आणि दूरचित्रवाणी संच मिळून आजोबांना माडीवर नेतात, असे ते गृहीतक मानते. मानव विकास निर्देशांकाने २०१० मध्ये याच कारणासाठी साधी सरासरी सोडून भूमितीमध्य स्वीकारला, म्हणजे बेरीज करून भागण्याऐवजी गुणाकार करून मूळ काढणे. पण तेही आंधळेपणाने उचलता येत नाही. असुरक्षिततेच्या अंकांचा गुणाकार केला तर पहिल्या घरातील चार शून्यांमुळे उत्तर शून्य येते आणि ते घर सर्वांत सुरक्षित ठरते! गुणाकार क्षमतेचा करावा लागतो. त्या घराच्या क्षमता एक, एक, एक, एक आणि शून्य, गुणाकार शून्य, म्हणजे असुरक्षितता पूर्ण. एका उणे चिन्हाच्या जागेवरून घर यादीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते. किती प्रबंधांत ही तपासणी केलेली असते?

भाराचा प्रश्नही असाच. भारतात लोकप्रिय असलेली अय्यंगार आणि सुदर्शन यांची १९८२ ची पद्धत ज्या निर्देशकात घराघरांत फार चढउतार आहे त्याला कमी भार देते, जेणेकरून एकट्याने तो निकाल फिरवू नये. पद्धत प्रामाणिक आहे, पण तिला पुराविषयी काहीच ठाऊक नाही. वस्तीतल्या दहा घरांत खड्डामाग आणि इतर दहांत नसेल, तर तो फरकच तिला गोंगाट वाटतो आणि ती त्याचा आवाज कमी करते.

या सगळ्यावर उपाय अधिक अवघड सूत्र हा नाही. विज्ञानात मोजमापाची कसोटी एकच असते: भाकीत करावे आणि मग निसर्गाकडे पाहावे. कुटुंबांच्या असुरक्षिततेचे निर्देशांक काढले जातात, रंगीत नकाशे छापले जातात, शिफारशी लिहिल्या जातात आणि प्रकल्प संपतो. पूर त्यानंतर येतो. तेव्हा ज्या घरांना ०.८ मिळाले होते ती खरोखर अधिक मोडली का, आणि ०.२ वाली तगली का, हे पाहायला बहुधा कोणी परत जात नाही. ज्या उपकरणाचे वाचन कधीच पडताळले गेले नाही त्याला उपकरण म्हणण्याची रीत इतर कोणत्याही शास्त्रात नाही.

आणि पडताळायला सामग्री नाही असेही नाही. महाराष्ट्रात प्रत्येक पुरानंतर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक घरोघर, शेतोशेत फिरून पंचनामे करतात. तमिळनाडूत गावपातळीवरचा महसूल अधिकारी अशीच मोजणी करतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर महाराष्ट्रात असे किती कागद तयार झाले असतील याची कल्पना करावी. देशातील पूरसंशोधनाला मिळू शकणारा हा सर्वांत मोठा माहितीसाठा तहसील कचेऱ्यांच्या कपाटांत मदतवाटपाचा पुरावा म्हणून पडून आहे. नावे वगळून तो संशोधकांना खुला करण्यात कोणाचे काय जाणार आहे, हे कळत नाही.

अर्थात पंचनामाही निर्दोष नाही. तो नुकसान पाहतो ते कागदाच्या डोळ्यांनी. पीक बुडाले तर भरपाई सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याची. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात देवस्थाने आणि मठांच्या मालकीची बरीच शेतजमीन आहे आणि ती कसणारी कुटुंबे कुळे आहेत. त्यांच्यासाठी १९५५ मध्ये संरक्षणाचा कायदा झाला, तरी तोंडी कराराने कसणाऱ्याला दाखवायला कागद नसतो. त्याच्याही खाली भातलावणीच्या टोळीतल्या बाया. सांबाच्या लावणीत शेत पाण्याखाली गेले की त्यांचे बुडते ते पीक नव्हे, रोजगाराचे दिवस. दिवसांचा पंचनामा होत नाही. शहरात तळमजल्यावरच्या भाडेकरूचे तेच: घर मालकाचे, चिखल त्याचा.

२०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्र सरकारने बाधित कुटुंबांना गावात १०,००० रुपये आणि शहरात १५,००० रुपये मदत जाहीर केली होती. शहरात महागाई अधिक, हे कारण समजण्यासारखे आहे. पण त्या दोन आकड्यांत ग्रामीण आणि शहरी असुरक्षिततेचा एक सिद्धांतच दडलेला होता, आणि तो कोणी मांडला नव्हता, कोणी तपासला नव्हता. सांगलीतील दुमजली घराचा मालक आणि पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळची शेतमजूर बाई यांच्यातला फरक पाच हजारांचा, आणि तो मालकाच्या बाजूने. घराघरांचा निर्देशांक पुराच्या कसोटीवर घासून तयार असता, तर निदान त्या आकड्यांशी वाद घालायला एक आकडा हातात राहिला असता.

कसोटीसाठी काय मोजावे, यावर भौतिकशास्त्राचे विद्यार्थी उपयोगी पडू शकतात. धक्का बसलेली व्यवस्था समतोलाकडे किती काळात परतते, हे मोजण्याची त्यांना सवय असते. घराच्या बाबतीत तो काळ अगदी साध्या प्रश्नांनी कळतो. चूल पुन्हा कधी पेटली? पहिली मजुरी कधी हाती आली? मागावर पहिला धोटा कधी फिरला? पुरासाठी काढलेले कर्ज कधी फिटले, की पुढच्या पुरापर्यंत फिटलेच नाही? बुडालेल्या वस्तूंची किंमत श्रीमंताच्या घरात नेहमीच मोठी भरते. परतण्याचा काळ मात्र गरिबाच्या घरात लांबतो. कोणता निर्देशक त्या काळाशी खरोखर जुळतो आणि कोणता केवळ परंपरेने प्रश्नावलीत बसला आहे, हे एका हंगामात दिसू लागेल.

कुंभकोणमच्या परिसरात त्यासाठी मोठ्या पुराची वाट पाहण्याचेही कारण नाही. ईशान्य मोसमी पाऊस दरवर्षी येतो आणि कोणत्या ना कोणत्या वाडीत पाणी साचवूनच जातो. सप्टेंबरात, कालवे भरलेले असताना आणि पाऊस लागण्यापूर्वी, शहर, विणकरवस्ती, भातगाव आणि बांधाआतील वस्ती यांतील काहीशे घरांची एकाच पट्टीवर पाहणी करावी. निर्देशांक काढून पाकिटात बंद करावा. पोंगल उलटून सांबाची कापणी झाली की त्याच घरांत, त्याच माणसांकडे परत जावे, आणि मग पाकीट उघडावे.